उरलेले बाइट

शिरोली एमआयडीसी, रात्रपाळी.
भट्टीपासून चाळीस पावलांवर
काचेच्या खोलीत मी.
पडद्यावर तापमान चौदाशे बत्तीस.
सहा मिनिटं झाली,
अजून चौदाशे बत्तीस.

दार ढकलून जिन्नाप्पा चौगुले आत आले,
निळी काच कपाळावर सरकवलेली,
कानाजवळ काजळीची रेघ.
"पोरी, तुझा आकडा झोपलाय.
रस तिकडं पांढरा पडाय लागलाय."

झोपला नव्हता, अडकला होता.
माझ्या प्रोग्रामनं पुण्याच्या सर्व्हरला
लिहायला घेतलं,
पुण्यात कुणी वाचत नव्हतं.
आधी तिकडचं बफर भरलं, मग इकडचं,
आणि लिहायची आज्ञा कर्नलच्या उंबऱ्यावर
हातात एक ओळ धरून उभी राहिली:
जागा झाल्याशिवाय हलायची नाही.
तिच्या मागे थर्मोकपल वाचणारी,
तिच्या मागे पडदा रंगवणारी,
सगळ्यांत शेवटी भोंगा.
मी एकच धागा ठेवला होता.
सोपं पडतं म्हणून.

भोंगा वाजलाच नाही.
भट्टीची वीज उतरवली
ती जिन्नाप्पांच्या डोळ्यांच्या भरवशावर.

त्याच रात्री सॉकेट नॉन-ब्लॉकिंग केलं.
म्हटलं, जागा असेल तर ठेव,
नसेल तर तसाच परत ये, रागावणार नाही.
आला परत. "पुन्हा ये" एवढंच घेऊन.
पुन्हा पाठवला, पुन्हा आला.
सेकंदाला लाखभर वेळा मी विचारत राहिले
जागा झाली का, झाली का,
आणि कोपऱ्यातला तो छोटा कॉम्प्युटर
असा तापला
की इरफान मुजावरनं त्याच्या डोक्यावर
डब्यातली भाकरी ठेवली.
"फुकटची भट्टी," म्हणाला.

हेही अडकणंच.
फक्त पळत पळत.

पहाटेकडे पोल लावला.
आता जागा झाली की कर्नलच हाक मारतो.
तोवर मी तापमान वाचते,
पडदा रंगवते,
भोंगा एकदा वाजवून बघते.
पुण्याची हाक आली
आणि चार हजार शहाण्णव बाइट दिले तर
घेतले चौदाशे अठ्ठेचाळीस.
तुटलं ते नेमकं एका आकड्याच्या पोटात,
चौदाशे ऐंशीतले एक-चार-आठ गेले,
शून्य माझ्याकडे.
कुठं तुटलं ते लिहून ठेवायचं,
पुढच्या हाकेला त्या शून्यापासून सुरुवात.

हे जिन्नाप्पांना चहाच्या वेळी सांगितलं.
"आमच्यात न्हाई चालत तसलं," म्हणाले.
"वतता वतता हात थांबला
की थंड सांधा ऱ्हातोय.
वरनं कळत न्हाई.
आंबा घाटात गाडी चढली की कळतंय."
आणि कपातला चहा बशीत ओतला,
एका धारेत.

मग जरा थांबून,
"पर गेलं म्हंजे पोचलं म्हणायचं का?"

नाही, म्हटलं.
गेलं म्हणजे कर्नलनं ठेवून घेतलं.
पलीकडे कुणी उघडून पाहिलं का,
ते त्यालाही माहीत नसतं.

"आमच्या राजमतीला धाडतोय की
दर महिन्याला.
ब्यांक म्हणती, गेलं."
बशी तोंडाला लावली.
पुढं काही बोलले नाहीत,
मीही विचारलं नाही.

साडेपाचला हायवेवर उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले,
गाणी लावून.
रांगेत शिल्लक: शून्य बाइट.
रात्रीतलं सगळं पुण्याला गेलं,
गेलं एवढंच.
ती सहा मिनिटं मात्र कुठल्याच रांगेत नव्हती,
ती कुणी वाचलीच नव्हती.

पाळीच्या वहीत पेनानं लिहिलं:
एक दहा ते एक सोळा, आकडा नाही.
चौगुले यांनी रंग पाहिला.
खाली सही केली.
त्यांनी चष्मा शोधला,
माझी ओळ बोट ठेवून सावकाश वाचली,
आणि शेजारी त्यांची.